अटलांटिकखालची केबल: पैसा कोणाचा बुडतो, वाढ कोणाची होते

प्रश्न असा आहे: अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या आर्थिक वाढीला दूरसंचार धोरण आणि तंत्रज्ञानातली गुंतवणूक नेमका कसा हातभार लावते? मोठी केबल टाकली की व्यापार आपोआप वाढतो का?

नाही वाढत. केबल म्हणजे नुसता रस्ता. त्या रस्त्यावर नाका कोणाचा, टोल किती, गाडी आत घ्यायची की नाही हे कोण ठरवतो, यावर माल किती जाईल ते ठरतं. शिवाय इथे दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक गुंतवणूकदाराची आणि दुसरी अर्थव्यवस्थेची. अटलांटिकच्या बाबतीत तर पहिली वही बुडाली तेव्हाच दुसरी भरली, असं एकदा ठळकपणे घडलं आहे. बरेच लेख या दोन्ही वह्यांची बेरीज करून ‘गुंतवणूक म्हणजे वाढ’ असं समीकरण मांडतात. ते चुकीचं आहे.

आधी ‘वाढ होते’ याचा पुरावा बघू. सगळ्यांत स्वच्छ पुरावा इंटरनेटचा नाही, कापसाचा आहे. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने आयर्लंडमधल्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडमधल्या हार्ट्‌स कंटेंटपर्यंत टिकणारी तार टाकली. त्याआधी लिव्हरपूलचा कापसाचा भाव न्यूयॉर्कला कळायला आगबोटीचे सुमारे दहा दिवस जात. नंतर तो एका दिवसात कळू लागला. कापूस तोच, जहाजं तीच, जकातही तीच होती. बदलली फक्त बातमीची गती. म्हणून अर्थशास्त्रज्ञांना हा काळ फार सोयीचा पडतो. क्लाउडिया स्टाइनवेंडर यांनी तेव्हाचे रोजचे भाव तपासले. दोन बाजारांतल्या भावातली तफावत आक्रसली, निर्यात वाढली आणि एकूण लाभ वार्षिक निर्यातमूल्याच्या सुमारे ८ टक्के इतका निघाला. कारण साधं आहे. तिकडे मागणी किती आहे हे ठाऊक नसताना व्यापारी अंदाजाने माल भरतो आणि अंदाज चुकला की दोन्हीकडचे मार खातात. केबल हा अंदाजाचा खर्च कमी करते. आजही ती मुळात हेच काम करते. कापसाच्या जागी सॉफ्टवेअर, बँकिंग, जाहिराती आणि सल्लासेवा आल्या एवढंच.

आता टोल. १९२७ मध्ये न्यूयॉर्क–लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला तेव्हा तीन मिनिटांना ७५ डॉलर पडत. १९५६ मध्ये टॅट-१ ही अटलांटिकखालची पहिली टेलिफोन केबल आली: स्कॉटलंडमधल्या ओबानपासून न्यूफाउंडलंडमधल्या क्लॅरेनव्हिलपर्यंत, जायला एक केबल आणि यायला दुसरी, एका वेळी जेमतेम ३६ संभाषणं. १९८८ मध्ये टॅट-८ ही अटलांटिकमधली पहिली फायबर केबल (तांब्याऐवजी काचतंतूतून प्रकाशाने संदेश नेणारी) आली आणि क्षमता एकदम सुमारे ४० हजार संभाषणांवर गेली. एवढी उडी घेतल्यावर दर कोसळायला हवे होते. ते उतरले, पण क्षमतेच्या मानाने फारच कमी. अडथळा तंत्रज्ञानात नव्हता, हिशेबाच्या पद्धतीत होता.

त्या पद्धतीला ‘अकाउंटिंग रेट’ म्हणत. दोन देशांतल्या मक्तेदार कंपन्या आपसात मिनिटाचा एक दर ठरवत आणि तो निम्मा-निम्मा वाटून घेत. उदाहरणापुरतं धरा, दर १ डॉलर. म्हणजे फोन लावणाऱ्या देशाने उचलणाऱ्या देशाला मिनिटामागे ५० सेंट द्यायचे. ‘अ’ देशातून वर्षाला १० लाख मिनिटं गेली आणि ‘ब’ देशातून ६ लाख आली, तर फरकाच्या ४ लाख मिनिटांचे २ लाख डॉलर ‘अ’ने ‘ब’ला चुकते करायचे. यात मेख अशी की ‘ब’ने आपल्या ग्राहकांना फोन महाग ठेवले तर तिकडून फोन कमी जातात, फरक वाढतो आणि ‘ब’ची वसुलीही वाढते. म्हणजे दर चढे ठेवण्याचंच बक्षीस. अशा रचनेत केबल कितीही मोठी करा, फायदा ग्राहकापर्यंत पोचणार नाही.

ही गाठ धोरणाने सुटली, आणि तीही टप्प्याटप्प्याने. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, मक्तेदारांच्या संघाबाहेरच्या खासगी अटलांटिक केबलला परवाना दिला. १९८९ मध्ये अशी खासगी केबल पीटॅट-१ सुरू झाली. १९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा नवा दूरसंचार कायदा आला. १५ फेब्रुवारी १९९७ ला जागतिक व्यापार संघटनेत ६९ सरकारांनी मूलभूत दूरसंचार करार केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एफसीसीने परदेशी कंपन्यांना मिनिटामागे किती द्यायचं याची कमाल मर्यादा बांधून दिली: श्रीमंत देशांसाठी १५ सेंट, मधल्यांसाठी १९, गरिबांसाठी २३. १ जानेवारी १९९८ ला युरोपीय संघाने बहुतेक सदस्य देशांत टेलिफोन सेवा पूर्ण खुली केली. जुन्या कंपन्यांनी एफसीसीला कोर्टात खेचलं, पण आदेश टिकला. (न्यू जर्सीतून पुण्याला घरी फोन लावताना घड्याळावर डोळा ठेवणाऱ्यांना स्वस्ताई उशिरा मिळाली, त्याचं एक कारण भारताच्या बाजूला होतं. व्हीएसएनएलची परदेशी फोनवरची मक्तेदारी १ एप्रिल २००२ ला संपली. एका टोकाला दार उघडून भागत नाही, दोन्ही टोकांना उघडावं लागतं.)

याच सुमारास १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने संगणक, चिप आणि दूरसंचार उपकरणांवरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आणली. याची चर्चा कमी होते, पण केबलच्या दोन्ही टोकांना बसणारी यंत्रं त्याने स्वस्त झाली, हे विसरू नये.

दारं उघडली आणि पैशाचा पूर आला. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत अटलांटिकमध्ये एसी-१, यलो, टॅट-१४, फ्लॅग अटलांटिक-१, टायकोची टीजीएन, अपोलो अशा केबलींची रांग लागली. प्रत्येकाच्या ताळेबंदात मागणी दर काही महिन्यांनी दुप्पट होणार असं गृहीत धरलेलं. शिवाय एका केबलमध्ये वेगवेगळ्या रंगलहरी घुसवण्याचं तंत्र सुधारत होतं, म्हणजे टाकलेल्या केबलची क्षमता मागाहूनही वाढत होती. पुरवठा दोन्हीकडून फुगला आणि भाव गडगडले. जानेवारी २००२ मध्ये एसी-१ टाकणाऱ्या ग्लोबल क्रॉसिंगने दिवाळखोरी जाहीर केली. इतरही रांगेत होतेच.

मग त्या केबलींचं काय झालं? समुद्रतळावरची काच दिवाळखोरीने विरघळत नाही. ती पडत्या भावात दुसऱ्याच्या हाती गेली. इथे मुंबईचा थेट संबंध येतो. फ्लॅग टेलिकॉम सुमारे २०.७ कोटी डॉलरला रिलायन्सने घेतली. टायकोचं अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेलं ६० हजार किलोमीटरचं जाळं व्हीएसएनएलने २००५ मध्ये १३ कोटी डॉलरला उचललं. हीच कंपनी पुढे टाटा कम्युनिकेशन्स झाली. अटलांटिक ओलांडणाऱ्या दोन केबली अशा मुंबईच्या कंपन्यांकडे आल्या. ज्यांनी बांधल्या ते गेले, आणि नव्या मालकाला भांडवली खर्चाचं ओझं नसल्याने तो स्वस्तात विकू शकला. व्हिडिओ, क्लाउड, परदेशी बॅक-ऑफिस हे धंदे या स्वस्त बँडविड्थवर उभे राहिले. वही क्रमांक एक बुडाली, दोन भरली ती अशी.

पण फुकट काहीच नसतं. अपोलोनंतर सुमारे बारा वर्षं अमेरिका–युरोप मुख्य मार्गावर एकही नवी केबल आली नाही. बँकांची तोंडं पोळलेली होती. त्यात युरोपातल्या मोठ्या कंपन्या २००० च्या थ्रीजी मोबाइल लहरींच्या लिलावांनी आधीच वाकलेल्या: ब्रिटनने सुमारे २२.५ अब्ज पौंड घेतले, जर्मनीने सुमारे ५०.८ अब्ज युरो. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, लिलावाची रक्कम एकदा दिली की पुढच्या गुंतवणुकीवर तिचा परिणाम होऊ नये. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर पुस्तक कोणी उघडत नाही.

ही कोंडी २०१५ मध्ये हायबर्निया एक्स्प्रेसने फोडली. तिचं गणित जवळून बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्क ते लंडन सरळ अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख ४ हजार किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन ११,१४० किलोमीटर, म्हणजे कमीत कमी ५४.६ मिलिसेकंद, याखाली फायबर जाऊच शकत नाही. जुन्या मार्गांना सुमारे ६५ लागत. हायबर्निया एक्स्प्रेसने ५८.९५ चं उद्दिष्ट ठेवलं. सहा मिलिसेकंद वाचवायला केबल न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ ग्रँड बँक्सवरून न्यावी लागली. उथळ पाणी म्हणजे मासेमारीची जाळी आणि नांगर. म्हणून खोल समुद्रातली बोटाएवढी हलकी केबल तिथे चालत नाही, पोलादी तारांचं चिलखत चढवून ती तळात पुरावी लागते. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. गिऱ्हाईक कोण? शेअर आणि चलन बाजारातले अतिवेगवान व्यापारी. त्यांच्यामुळे केबल झाली हे खरं, पण त्या सहा मिलिसेकंदांनी सर्वसामान्य अर्थव्यवस्थेची फार वाढ झाली असं मला वाटत नाही. तो नफा मुख्यतः एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला.

याच केबलने धोरणाची दुसरी बाजूही दाखवली. काम सुरुवातीला चिनी हुआवे मरीनकडे होतं. अमेरिकेतून सुरक्षेच्या कारणाने विरोध झाला, २०१३ मध्ये काम थांबलं आणि शेवटी टीई सबकॉमने केबल बांधली. कंत्राटदार निवडतानाच सुरक्षा-तपासणीचा विचार केला नाही तर असा फटका बसतो.

त्यानंतरचं चित्र वेगळं आहे, कारण गुंतवणूकदार बदलला. मारेया (मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, टेल्शियस) २०१७ मध्ये पूर्ण झाली: व्हर्जिनिया बीच ते बिल्बाओजवळचं सोपेलाना, ६,६०० किलोमीटर, ८ फायबर जोड्या (प्रत्येकीत जायला एक तंतू, यायला दुसरा), आराखड्यात सेकंदाला १६० टेराबिट. पुढे गूगलची द्युनाँ १२ जोड्यांची आणि ग्रेस हॉपर १६ जोड्यांची. या कंपन्या बँडविड्थ विकायला केबल टाकत नाहीत, स्वतःच्या डेटा सेंटरांमधली वाहतूक हलवायला टाकतात. म्हणून २००१ सारखा भावाचा फुगा इथे फुटत नाही. पण त्यांच्याकडची न वापरलेली क्षमता बाहेरच्याला मिळेल की नाही, हे त्यांच्या मर्जीवर राहतं. मारेयात टेल्शियससारखी विक्री करणारी कंपनी भागीदार आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

जोड्या ८ वरून १६ वर गेल्या यात विशेष काय, असं वाटेल. अडचण विजेची असते. दर ६०–८० किलोमीटरला समुद्रतळावर रिपीटर, म्हणजे मंदावलेला प्रकाश पुन्हा वाढवणारं यंत्र, लागतो. ६,६०० किलोमीटरमध्ये शंभरच्या आसपास. त्यांना वीज केबलमधल्या तांब्याच्या नळीतूनच जाते: साधारण १ अँपिअरचा स्थिर प्रवाह, एका काठाला धन, दुसऱ्याला ऋण. तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १ ओहम धरला तर एकट्या तारेतच ६,६०० व्होल्ट पडतात, वर रिपीटरांचे वेगळे. एकूण दहा हजारांच्या पुढे जातं आणि पंधरा हजारांच्या आसपास इन्सुलेशनची हद्द येते. जोड्या वाढवल्या की रिपीटरची भूक वाढते. तोडगा असा काढला की प्रत्येक जोडीला स्वतंत्र पंप-लेझर (रिपीटरमध्ये प्रकाश वाढवायला ऊर्जा देणारा लेझर) न देता लेझरांचा एक गट अनेक जोड्यांत वाटायचा, आणि प्रत्येक जोडीत प्रकाश थोडा मंद ठेवायचा. जोडीमागे क्षमता किंचित घटते, पण जोड्या वाढल्याने एकूण बेरीज खूप पुढे जाते. प्रति टेराबिट खर्च खरा इथे उतरला.

आता प्रकल्प कसा सरकतो आणि कुठे रुततो ते बघू. आधी कागदोपत्री मार्ग-अभ्यास, मग जहाजाने सोनार आणि तळाच्या नमुन्यांसह मार्ग-सर्वेक्षण, मग परवाने, कारखान्यात केबल तयार करणं, आणि शेवटी टाकणं. खोल समुद्रात जहाज दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर केबल सोडतं. किनाऱ्याजवळ नांगराने एक-दोन मीटर खोल पुरताना जेमतेम १०–२० किलोमीटर होतात. करारापासून सेवा सुरू होईपर्यंत दोन-तीन वर्षं धरतात आणि त्यातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा परवान्यांचा. अमेरिकेत १९२१ च्या केबल लँडिंग कायद्याखाली २५ वर्षांचा परवाना एफसीसी देते. परदेशी मालकी असेल तर अर्ज ‘टीम टेलिकॉम’ नावाच्या सुरक्षा समितीकडे जातो. पूर्वी तिथे कालमर्यादाच नव्हती. अर्ज महिनोन्‌महिने भिजत पडत. एप्रिल २०२० च्या कार्यकारी आदेशाने १२० दिवसांची पहिली आणि गरज पडल्यास ९० दिवसांची दुसरी तपासणी ठरली. गोम अशी की घड्याळ सुरू होतं ते प्रश्नावलीची सगळी उत्तरं पूर्ण मानली गेल्यावर. मालकीची साखळी, देखभालीला बाहेरून कोण लॉगिन करू शकतो, कोणत्या बनावटीची यंत्रं बसणार, यांतलं एक उत्तर अर्धवट राहिलं की घड्याळ सुरूच होत नाही. त्याशिवाय आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, राज्याचं किनारा खातं, स्थानिक पालिका, आणि पलीकडच्या काठाला त्या देशाचे सागरी परवाने आहेतच. जहाज भाड्याने ठरवलेलं असतं, हिवाळ्यात उत्तर अटलांटिकात काम होत नाही. दोन महिन्यांच्या उशिरानेही अख्खा हंगाम हुकतो.

आणखी एक जागा, जिथे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही: केबल किनाऱ्याला लागते त्या लँडिंग स्टेशनपासून शहरापर्यंतची जोडणी, म्हणजे बॅकहॉल. समुद्रातले हजारो किलोमीटर स्वस्तात मिळाले, पण किनाऱ्यापासून शहरापर्यंतची वाट एकाच कंपनीकडे असेल, तर जुना टोलनाका तिथे पुन्हा उभा राहतो. व्हर्जिनिया बीच पुढे आलं त्यात दोन गोष्टी जुळल्या. २०१२ च्या सँडी वादळाने न्यूयॉर्क–न्यू जर्सी पट्टीत सगळ्या केबली एकवटण्याचा धोका दाखवला, आणि जमिनीवरून व्हर्जिनियातल्याच ॲशबर्नच्या डेटा सेंटरांपर्यंत जायला वाट होती.

शेवटचा नाका कायद्याचा. केबलमधून डेटा जाऊ शकतो, पण नेता येतो का? युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेत पाठवण्याची ‘सेफ हार्बर’ व्यवस्था युरोपीय न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१५ ला रद्द केली. तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ १६ जुलै २०२० ला रद्द झाली. दोन्ही वेळा आक्षेप एकच: अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या पाळतीविरुद्ध युरोपीय माणसाला दाद मागता येत नाही. तिसरी व्यवस्था १० जुलै २०२३ पासून चालू आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मेटाला १.२ अब्ज युरोंचा दंड झाला तो याच हस्तांतरणावरून. मोठ्या कंपन्या वकील लावून निभावतात. मार लहान निर्यातदाराला बसतो, कारण प्रत्येक पुरवठादारागणिक प्रमाणित करार-कलमं, हस्तांतरणाच्या जोखमीची नोंद आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याचा खुलासा त्याला ठेवावा लागतो. हिंजवडीतल्या कंपनीने अमेरिकी ग्राहकामार्फत आलेला युरोपीय डेटा हाताळला, तरी हे शेपूट तिच्यापर्यंत येतं; भारताला युरोपीय संघाची पुरेशा संरक्षणाची मान्यता नाही, त्यामुळे करार-कलमांवाचून सुटका नाही.

म्हणून नवी केबल जाहीर झाली की टेराबिटचा आकडा शेवटी वाचावा. आधी जोड्या कोणाच्या नावावर आहेत आणि त्यांतली एखादी पंधरा-वीस वर्षांच्या वापरहक्काने बाहेरच्याला विकायला आहे का, ते बघावं. मग दोन्ही काठांना बॅकहॉल देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या किती आहेत ते मोजावं. एकच असेल तर भाव उतरण्याची आशा धरू नये. परवाना मिळाला आहे की नुसता अर्ज झाला आहे, हे तपासावं. आणि काठावर वीज आहे का, हेही. आयर्लंडमध्ये २०२३ मध्ये मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी खाल्ली, आणि डब्लिन परिसरात तेव्हा नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या होत्या. तिथे केबलींची कमतरता नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर किल्लाला आणि लेकॅन्व्हीपर्यंत त्या येऊन पोचल्या होत्या. यंत्रं लावायला प्लग पॉइंट नव्हता.